पडला, असं लिहा

संपादकांनी फोनवर सांगितलं होतं, "कांबळे, एक्स-रे काढण्याच्या नोकरीतले चार गमतीदार किस्से लिहा. पेशंट कसे घाबरतात, कोण काय विचारतं, असं हलकंफुलकं. दिवाळीत लोकांना हसायला आवडतं." मी बरं म्हणालो. दोनदा लिहायला बसलो आणि दोन्ही वेळा कागद फाडले. किस्से पुष्कळ आहेत. पण तीस वर्षं लोकांची हाडं पाहून माझ्याकडं उरलाय तो राग, आणि तो दाबून विनोद करायला मला जमत नाही. तेव्हा जसं घडलं तसं सांगतो. नको वाटलं तर त्यांनी छापू नये.

मी उमरग्याला हायवेवरच्या एका खासगी हाडांच्या दवाखान्यात एक्स-रे काढायचो. दवाखान्याचं नाव देत नाही. उमरग्याहून हैदराबादच्या दिशेनं निघालात की थोड्याच वेळात कर्नाटकाची हद्द लागते. पुढं बसवकल्याणचा फाटा, मग हुमनाबाद, आणि तसंच गेलात तर तेलंगणातलं झहीराबाद. नकाशात ही वेगवेगळी गावं आहेत, तीन राज्यांत वाटलेली. इथं राहणाऱ्याला विचाराल तर हे रस्त्याच्या कडेनं पसरलेलं एकच लांबलचक शहर आहे. अलीकडं कारखाने, पलीकडं कारखाने. सकाळी सहाला क्रूझर गाड्या भरून इकडचे लोक तिकडं कामाला जातात, तिकडचे इकडं येतात. न्याहारी मराठीत, कामावर शिव्या कन्नडमध्ये, बाजारात भाव दखनी उर्दूत. पुढारी भाषणात याला औद्योगिक पट्टा म्हणतात. पट्टा शब्द बरोबर आहे. यंत्राचा पट्टाही फिरतच असतो, आणि त्यात सापडलेल्याला कुणी विचारत नाही की तू कुठल्या राज्यातला.

आता माझ्या कामाबद्दल. एक्स-रे म्हणजे सावली. मांस अंधुक दिसतं, हाड पांढरं दिसतं, धातू त्याहून पांढरा. मी सुरुवात केली तेव्हा फिल्म असायची. लाल दिव्याच्या खोलीत ती रसायनात बुडवायची, धुवायची, चिमट्याला टांगून वाळवायची. नंतर संगणक आला. आता फोटो पडद्यावर येतो आणि त्याच्या कोपऱ्यात तारीख आणि वेळ आपोआप उमटते. रोगनिदान डॉक्टरांनी करायचं, तंत्रज्ञानं फोटो काढायचा, असा नियम आहे आणि तो योग्य आहे. पण रोज तेच पाहणाऱ्याला काही गोष्टी कळायला लागतात. गाडीवरून पडणारा माणूस आधी हात टेकतो. त्याचं मनगट मोडतं, अंगठ्याच्या बाजूचं हाड मागं सरकतं, किंवा गळ्याजवळचं हाड जातं. तळहाताची कातडी सोललेली असते, तिच्यात वाळू आणि खडी असते. नुसती बोटांची टोकंच, तीसुद्धा दोन-तीन बोटांची, एका सरळ रेषेत चिरडलेली आणि मनगट अगदी शाबूत, असं पडून होत नाही. रस्ता बोटं मोजून घेत नाही. ती प्रेस मशिनची खूण आहे. पत्र्याला आकार देण्यासाठी वरून ठोका मारणारं ते यंत्र.

असे हात आमच्याकडं यायचे, आणि सगळ्यांच्या फॉर्मवर कारण एकच असायचं: मोटारसायकलवरून पडला.

त्यामागचं गणित सोपं होतं. कामावर इजा झालेला माणूस आला की दवाखान्यानं पोलिसांना कळवायचं असतं. मग कारखाने तपासणारा अधिकारी येतो, यंत्र पाहतो, कागद होतात. ते टाळायचं तर जखमीला हद्द ओलांडून दुसऱ्या राज्यात न्यायचं आणि तो पडला म्हणायचं. इथल्या पोलिसांना तिथला कारखाना दिसत नाही, तिथल्या अधिकाऱ्याला इथला दवाखाना दिसत नाही. पलीकडचे आमच्याकडं यायचे आणि अलीकडच्या कारखान्यातले पलीकडं जायचे. तिकडच्या दवाखान्यात माझ्यासारखंच काम करणारा एकजण ओळखीचा होता. तो म्हणायचा, "कांबळे, तुमच्या उमरग्याच्या रस्त्यावर लई पडतात लोक." मी म्हणायचो, "तुमच्या रस्त्यावरबी." यावर आम्ही हसायचो. ते हसणं आठवलं की आज स्वतःचीच चीड येते.

एकदा साठीचा एक म्हातारा आला. चार बोटं गेलेली. मी सवयीनं विचारलं, "कुठली गाडी होती, मामा?" तो दाराकडं बघत म्हणाला, "इचारून सांगतो." बाहेर उभ्या असलेल्या सुपरवायझरला विचारून आला आणि एका मोटारसायकलीचं नाव सांगितलं. त्याला सायकलसुद्धा येत नव्हती. संपादकांना हवा असलेला किस्सा बहुतेक हाच.

फॉर्म मी भरायचो. माझं अक्षर चांगलं. आमच्या घरात शाळेत गेलेला मी पहिला. माझे वडील आडतीवर पोती उचलायचे, पण माझ्या अक्षराचं त्यांना मोठं कौतुक. पाहुणे आले की वही काढून दाखवायचे. त्या अक्षरात मी वर्षानुवर्षं 'पडला' लिहिलं. पहिल्यांदा लिहायला लागलं तेव्हा डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, "कांबळे, त्याचा हात नीट करणं आपलं काम. तो कुठं मोडला हे शोधणं पोलिसांचं." ऐकायला बरं वाटलं. लेकरं शाळेत होती, नोकरी हवी होती. किती फॉर्म लिहिले ते मोजले नाहीत. मोजायला हवे होते.

मग महादेवी आली.

सकाळची अकराची वेळ. कारखान्याची जीप थांबली आणि सुपरवायझर इरण्णा एका बाईला घेऊन आत आला. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, उजव्या हाताला टॉवेल गुंडाळलेला, तो भिजून काळा पडलेला. ती आमच्याच तालुक्यातली, हद्दीवरच्या गावची. घरात कन्नड, बाहेर मराठी. पलीकडच्या एका डबे बनवणाऱ्या कारखान्यात झाकणं दाबायच्या प्रेसवर काम करायची.

इरण्णा नेहमीचा. टेबलावर टेकून म्हणाला, "बरीरी सर, बरीरी. लिहा, गाडीवरून पडली."

"म्या पडले न्हाय," महादेवी म्हणाली.

तिचा आवाज चढला नव्हता. रडतही नव्हती. इरण्णा कन्नडमध्ये तिला काहीतरी भराभर बोलला. ती पुन्हा मराठीतच म्हणाली, म्हणजे मला कळावं म्हणून, "पडले न्हाय. प्रेसमदी हात गेला."

मी पेन खाली ठेवलं आणि म्हणालो, "आधी फोटो काढू."

एक्स-रेच्या खोलीत पेशंटशिवाय कुणाला थांबू देत नाहीत. इरण्णा बाहेर राहिला. मी टॉवेल सोडला. तर्जनी, मधलं बोट आणि अंगठीचं बोट, तिन्ही वरच्या पेरापासून चेंदलेली. पडद्यावर फोटो आला. मनगट स्वच्छ. हाताची बाकी सगळी हाडं जागच्या जागी. आणि मधल्या बोटाच्या मांसात हाडापेक्षा पांढरी, वळलेली एक बारीक रेघ. पत्र्याचा तुकडा.

ती पडद्याकडं बघत होती. "काका, ते पांढरं काय हाय?"

"पत्रा."

"मंजी दिसतंय न्हवं तुमाला?"

"दिसतंय."

"मग लिवा की."

मी दाराकडं पाहिलं. बाहेर इरण्णा होता. ती म्हणाली, "मशिनीवर जाळी असती. पुढं हात जाऊ ने म्हणून. जाळी असली की काम हळू हुतंय, म्हणून काढून ठिवली. माज्या आदी सुमनचा हात गेला. तिला बी पडली म्हनले. ती घरी बसली. आता तिच्या जागेवर म्या हुते. उद्या माज्या जागेवर कोन बसंल?"

मी तिच्याएवढ्या वयाचा असताना असं बोललो नव्हतो, आणि आता तर माझी पन्नाशी उलटली होती. फॉर्म घेतला आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं: 'कारखान्यात पत्रा दाबण्याच्या यंत्रात हात सापडला, असे रुग्ण स्वतः सांगते.' तंत्रज्ञाला निदान लिहिता येत नाही, पण पेशंट काय म्हणतो ते लिहिता येतं. खाली सहीची जागा. तिनं डाव्या हातानं सही केली. अक्षरं वाकडी, एकमेकांवर चढलेली, पण पूर्ण नाव लिहिलं. शेवटचं अक्षर होईपर्यंत कागद मी धरून ठेवला. फोटोच्या आणि फॉर्मच्या दोन-दोन प्रती काढल्या. एकेक डॉक्टरांना, एकेक तिच्या डाव्या हातात.

डॉक्टरांनी तिची बोटं होतील तेवढी वाचवली. डॉक्टर म्हणून तो माणूस हुशार होता, हे कबूल करायला हवं. संध्याकाळी मला केबिनमध्ये बोलावलं.

"कांबळे, हे काय लिहिलंय?"

"ती म्हणाली ते."

"उद्यापासून तिकडून एक पेशंट येणार नाही. समजतंय का तुम्हाला?"

"साहेब, न आलेलेच बरे," मी म्हणालो. असं तोंडातून कसं निघालं कोण जाणे. त्यांनी चष्मा काढला आणि कागद खणात टाकला. पोलिसांना काही त्यांनी कळवलं नाही. मीसुद्धा कळवलं नाही. तेवढं धाडस माझ्यात अजून आलं नव्हतं.

महादेवीत होतं. जखमा भरल्यावर ती फोटो आणि फॉर्म घेऊन इजेची नोंद करायला निघाली. जिल्ह्याच्या ठिकाणच्या कामगार कार्यालयात सांगितलं, कारखाना आमच्या राज्यात नाही, पलीकडं जा. पलीकडच्या कार्यालयात सांगितलं, दवाखाना आमच्या राज्यातला नाही आणि कागद मराठीत आहे, आमच्याकडच्या डॉक्टरचा दाखला आणा. तिकडच्या डॉक्टरनं हात उलटासुलटा पाहिला आणि म्हणाला, जखम तर भरली, आता ती कशानं झाली हे मी कसं लिहू. बाई मरायला हवी होती की काय हद्दीच्या रेघेवर, म्हणजे दोघांनी अर्धी अर्धी नोंद घेतली असती. कामाला जाताना हद्द आडवी येत नाही. माल नेणाऱ्या ट्रकला येत नाही. कारखान्याला बाई हवी असते तेव्हा ती कुठल्या राज्यातली आहे ते बघत नाहीत. तिची बोटं गेल्यावर मात्र सगळ्यांना भूगोल आठवतो.

हे तिनं मला दवाखान्याच्या पायरीवर बसून सांगितलं. रागावलेली नव्हती, नुसती थकलेली. मलाच राग आला. म्हणालो, "माझा जबाब चालेल का विचार. फोटो मी काढलाय."

पलीकडच्या कार्यालयातली एक कारकून बाई बरी निघाली. तिनं अर्ज नीट लिहून घेतला, मराठी कागदाचं कन्नड करून जोडलं आणि सुनावणी लावली. कारखान्याचं म्हणणं असं, की ही बाई त्या दिवशी कामावर पोचलीच नव्हती, येताना गाडीवरून पडली.

मी रजा टाकून गेलो. लहान खोली, पंखा, टेबलामागं अधिकारी, एका बाजूला कारखान्याचे वकील, दुसऱ्या बाजूला डोक्यावर पदर घेऊन महादेवी. माझं कन्नड बाजारातलं, पण हाडांची नावं घ्यायला पुरतं. मी फोटो खिडकीच्या उजेडात धरला. मनगट दाखवलं, तीन पेरांची रेघ दाखवली, पत्र्याचा तुकडा दाखवला. म्हणालो, "रस्त्यावर पडलेल्या हातात खडी सापडते. डब्याच्या झाकणाचा पत्रा सापडत नाही." अधिकाऱ्यानं चष्मा पुढं ओढून पाहिलं. मला वाटलं, झालं.

तेवढ्यात वकिलांनी फाइलमधून एक कागद काढला. आमच्याच दवाखान्याचा फॉर्म, सहा-सात वर्षं जुना, इलियास नावाच्या माणसाचा. त्याच कारखान्यातला. दोन बोटं. कारण: मोटारसायकलवरून पडला.

"हे अक्षर कुणाचं?" वकिलांनी विचारलं.

"माझं."

"तेव्हाही तुम्ही पेशंट सांगतो तेच लिहिलं होतं?"

हो म्हणालो असतो तर माझी सुटका होती. पण मग त्यांचा पुढचा प्रश्न तयार होता: पेशंट काहीही सांगतात आणि तुम्ही काहीही लिहिता, तर आजच्या कागदाची किंमत काय? आणि खरं सांगायचं तर एवढा विचार मी केलाच नाही. इलियासचा चेहरा मला आठवत नव्हता, याचीच शरम वाटत होती. माणूस आठवत नव्हता आणि माझं सुंदर अक्षर मात्र समोर पडलं होतं.

अधिकाऱ्यानं हळूच विचारलं, "यावुदु निजा? यातलं खरं कुठलं?"

"आजचं खरं," मी म्हणालो. "ते खोटं आहे. मी लिहिलं. सुपरवायझर सांगायचे आणि मी लिहायचो. एकदा नाही, पुष्कळ वेळा."

वकील हसले. म्हणाले, म्हणजे साक्षीदार स्वतःच खोटा. अधिकारी हसला नाही. त्यानं माझं बोलणं कागदावर घेतलं, मला वाचून दाखवलं आणि सही घेतली.

महादेवीच्या बाजूनं निकाल लागला. इजा कामावर झाली, असं सरकारी कागदावर आलं. तपासणी झाली आणि त्या कारखान्यातल्या प्रेसला जाळ्या परत लागल्या. दोन्ही हातांनी दोन वेगळी बटणं दाबल्याशिवाय ठोका पडणार नाही, अशी सोय करावी लागली. एका कारखान्यात. शेजारच्या कारखान्यांत काय आहे ते मला माहीत नाही, आणि ज्यांना माहीत असायला हवं त्यांनाही नाही. महादेवीला परत प्रेसवर जायचं नव्हतं. ती आता गावातल्या शाळेत खिचडी शिजवते. कढईत उलथनं फिरवताना ते मूठ वळवून कसं धरायचं, हे तिनं स्वतःच बसवलंय.

माझी नोकरी गेली. डॉक्टर म्हणाले, "कोर्टकचेरीत दवाखान्याला खोटा म्हणून आलात, आता इथं कसे राहणार?" त्यांचं चूक नव्हतं. खोटं म्हणालोच होतो. बायको एवढंच म्हणाली, "आधीच बोलला असतात तर नोकरी आधीच गेली असती. काय फरक होता?" ती शांतपणे बोलली, म्हणून जास्त लागलं.

मग मी इलियासला शोधलं. फॉर्मवर पत्ता होता, माझ्याच अक्षरात. तो उमरग्यातच राहायचा, घरासमोर सायकली आणि स्टोव्ह दुरुस्त करायचा. उजव्या हाताच्या उरलेल्या बोटांत पाना धरून बसला होता. मी नाव सांगितलं. त्यानं मला लगेच ओळखलं.

"सुनावणीत तुझा कागद निघाला," मी म्हणालो. "मी खोटं लिहिलं होतं, ते सांगून आलोय. तू आता अर्ज करू शकतोस."

त्यानं पाना पुसून खाली ठेवला. मग म्हणाला, "मैं बोल्या था ना तुमको उस दिन. मशीन में गया हात, बोल्या था. तुमी बोले, हात हिलाव नक्को."

मला ते अजिबात आठवत नव्हतं. पण तो खरं बोलत होता, यात शंका नव्हती. मी तसंच म्हणत असेन. सगळ्यांना म्हणायचो.

"अब लिख के क्या होता?" तो म्हणाला.

दारात त्याची बायको उभी होती. ती म्हणाली, "लिखने देव ना. घर में कागज तो रहता."

मी तिथंच ओट्यावर बसून अर्ज लिहिला. तो परत आला: मुदत संपलेली आहे. मुदत. खोटं लिहिणाऱ्याला मुदत नव्हती, वर्षानुवर्षं मी ते बिनधास्त लिहिलं. खरं सांगायला मात्र मुदत आहे. आम्ही अपील केलं. उशीर का झाला त्याचं कारण लिहायचं असतं. मी लिहिलं की दवाखान्यातल्या तंत्रज्ञानं खोटी नोंद केल्यामुळं उशीर झाला, आणि तंत्रज्ञ म्हणून खाली सही केली.

यंदा उन्हाळ्यात आम्ही दोघं क्रूझरनं पलीकडं गेलो. इलियासनं इस्त्रीचा शर्ट घातला होता. अधिकारी नवा होता. त्यानं माझा कागद बाजूला ठेवला आणि इलियासला विचारलं, "काय झालं होतं, तूच सांग."

इलियासनं माझ्याकडं पाहिलं. बहुधा हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारलाच नव्हता. मग तो बोलायला लागला. सकाळी यंत्र कसं सुरू झालं, तेल कमी होतं म्हणून कसं अडकत होतं, अडकलेलं झाकण काढायला हात घातला तेव्हा ठोका कसा पडला, जीपमध्ये त्याला काय पढवलं, सगळं. मध्येच थांबून पाणी प्यायला. कारकून लिहून घेत होती. ती तीच बाई, महादेवीचा अर्ज लिहिणारी.

बोलून झाल्यावर अधिकारी म्हणाला, निकाल कळवू. आम्ही उठलो. इलियास मात्र टेबलाजवळच थांबला आणि त्यानं कारकून बाईला विचारलं, "मॅडम, क्या लिखे, जरा पढ के सुनाते?"

तिनं पहिल्या ओळीपासून वाचलं. कन्नड वाचायचं आणि हिंदीत सांगायचं, असं सावकाश. इलियास मान खाली घालून ऐकत होता. शेवटची ओळ झाल्यावर त्यानं मान वर केली.

"हां," तो म्हणाला. "ऐसाच हुआ था."